पेसमेकरच्या लीडला जंतुसंसर्ग झाल्यास छाती न उघडता ती कशी काढतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचे वय ७२ वर्षे असून कम्प्लीट हार्ट ब्लॉकमुळे (हृदयाच्या वरच्या कप्प्यांतील विद्युत्‌संदेश खालच्या कप्प्यांपर्यंत न पोचल्यामुळे) ११ वर्षांपूर्वी त्यांना दोन लीडचा, म्हणजे यंत्रापासून हृदयापर्यंत जाणाऱ्या दोन वायरींचा, पेसमेकर बसवला होता. मागील वर्षी बॅटरी संपत आल्यामुळे यंत्र बदलले आणि त्यानंतर चार महिन्यांनी छातीवरील त्या जागेची त्वचा लाल होऊन तिच्यातून पाण्यासारखा स्राव येऊ लागला. दोनदा जखम उघडून धुतली, दोन्ही वेळा काही आठवडे प्रतिजैविके दिली, आणि आता यंत्राचा एक कोपरा त्वचेतून उघडा पडला आहे. ताप नाही, जेवण व्यवस्थित आहे. एका डॉक्टरांच्या मते जखम पुन्हा स्वच्छ करून यंत्र स्नायूखाली सरकवावे. दुसऱ्यांच्या मते यंत्र आणि लीड सर्व काढावे लागेल आणि त्यासाठी कदाचित ओपन हार्ट शस्त्रक्रिया करावी लागेल. औषधांवर भागेल का, लीड तशाच ठेवता येतील का आणि छाती न उघडता हे काम होते का, असे मुलाने विचारले आहे.

रुग्णाला मी प्रत्यक्ष तपासलेले नाही, त्यामुळे अंतिम निर्णय त्यांना पाहणाऱ्या डॉक्टरांचाच राहील. तरीही दिलेल्या माहितीवरून उत्तरात संदिग्धता उरत नाही. यंत्र आणि दोन्ही लीड पूर्णपणे काढायला हव्यात, हे काम काही दिवसांत व्हायला हवे, आणि अनुभवी केंद्रात ते बहुतांश रुग्णांमध्ये छाती न उघडता, ज्या शिरेतून लीड आत गेली त्याच शिरेच्या मार्गाने करता येते. दुसऱ्या डॉक्टरांचा निष्कर्ष बरोबर आहे. ओपन हार्टची भीती मात्र बहुधा अनावश्यक आहे.

यंत्र त्वचेतून दिसू लागले की ते संसर्गित झाले असे धरायचे असते, मग पू दिसो वा न दिसो, ताप असो वा नसो. धातू, सिलिकॉन आणि पॉलियुरेथेन यांना रक्तपुरवठा नसतो. त्यांच्या पृष्ठभागावर जंतू चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. या थराला बायोफिल्म म्हणतात. प्रतिजैविक रक्तातून येते, आजूबाजूच्या मांसापर्यंत पोचते, तिथला लालसरपणा आणि स्राव कमी करते. पण या थरातील जंतू पूर्णपणे मारण्याइतका परिणाम तिथे होत नाही. म्हणून गोळ्या चालू असताना जखम सुधारल्यासारखी वाटते आणि त्या थांबवल्यावर काही आठवड्यांत पुन्हा वाहू लागते. आपल्या वडिलांच्या बाबतीत दोनदा जे घडले ते औषध कमी पडल्यामुळे नव्हे, तर औषधाच्या आवाक्याबाहेरची वस्तू आत राहिल्यामुळे घडले. या संसर्गांत सर्वाधिक आढळणारे जंतू म्हणजे त्वचेवरच राहणारे स्टॅफिलोकोकाय, आणि बायोफिल्म तयार करण्यात ते विशेष तरबेज असतात.

लीड ही पॉकेटपासून, म्हणजे छातीच्या त्वचेखाली यंत्र ठेवलेल्या कप्प्यापासून, थेट हृदयाच्या आतल्या भिंतीपर्यंत जाणारी अखंड वायर आहे, ही गोष्ट कुटुंबीयांच्या लक्षात सहसा येत नाही. पॉकेटमधील जंतूंना तिच्यावरून सरकत रक्तप्रवाहात उतरण्यासाठी आयता मार्ग मिळतो. एकदा ते रक्तात पोचले की लीडच्या हृदयातील भागावर किंवा हृदयाच्या उजव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील ट्रायकस्पिड झडपेवर जंतू, फायब्रिन (रक्त गोठताना बनणारे तंतू) आणि रक्तपेशी यांच्या गाठी धरू लागतात. त्यांचे तुकडे सुटून फुप्फुसांत जातात, तिथे छोटे गळू होतात, आणि रुग्ण न्यूमोनियाचा म्हणून उपचार घेत राहतो. पेसमेकर असलेल्या व्यक्तीला वारंवार थंडी वाजून ताप येत असेल, छातीच्या एक्स-रेमध्ये ठिकठिकाणी डाग दिसत असतील आणि पॉकेट बाहेरून पूर्ण निरोगी दिसत असेल, तरीही लीडचा विचार आधी करायला हवा. असे रुग्ण आमच्याकडे पोचतात तेव्हा अनेकदा दोन-तीन ठिकाणची प्रतिजैविके घेऊन झालेली असतात.

हा विलंब फक्त आपल्याकडेच होतो असे नाही. अमेरिकेतील मेडिकेअर या मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या रुग्णांवरील एका मोठ्या अभ्यासात असे दिसले की यंत्राचा संसर्ग नोंदला गेलेल्या रुग्णांपैकी पाचांतील एकाहूनही कमी रुग्णांचे यंत्र आणि लीड पहिल्या ३० दिवसांत काढल्या गेल्या, आणि ज्यांच्या पहिल्या सहा दिवसांत काढल्या गेल्या त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण न काढलेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होते. अमेरिकेतील हार्ट रिदम सोसायटीची २०१७ची तज्ज्ञसंमती आणि युरोपियन हार्ट रिदम असोसिएशनची २०२०ची तज्ज्ञसंमती, दोन्हींचा या मुद्द्यावर एकच स्वर आहे: संसर्ग निश्चित असेल तर संपूर्ण यंत्रणा काढावी.

जखम धुऊन यंत्र स्नायूखाली सरकवण्याचा सल्ला दिला जातो तो रुग्णाला मोठ्या प्रक्रियेतून वाचवावे या हेतूने, हे मला ठाऊक आहे. पण त्याने संसर्ग खोल जागी जातो आणि पुन्हा वर येईपर्यंत मौल्यवान महिने निघून जातात. याहूनही मला ज्याची काळजी वाटते ती पद्धत म्हणजे यंत्र काढून लीड बाहेर दिसतील तिथे कापणे आणि उरलेली टोके टाके घालून आत सोडून देणे. कापलेली लीड शिरेच्या आत आखडते. ती काढताना तिच्या आत जी बारीक सळई घालावी लागते, तिच्यासाठीचे मोकळे तोंड हरवते. संसर्ग मात्र तसाच राहतो. पुढे ती काढायची वेळ येतेच, आणि तेव्हा जे काम खांद्याखालच्या चिरेतून झाले असते ते मांडीच्या शिरेतून फासा टाकून, जास्त वेळ आणि जास्त जोखीम घेऊन करावे लागते. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की लीड काढण्याची सोय नसलेल्या ठिकाणी कोणालाही लीड कापू देऊ नका. तिथे जखमेवर स्वच्छ ड्रेसिंग करावे, रक्ताचे नमुने घ्यावेत आणि रुग्णाला पुढे पाठवावे; एवढे केले तरी ते उत्तम उपचार ठरतात. सुई टोचून पॉकेटमधील पाणी ओढून पाहण्याचा मोहही टाळावा, कारण संसर्ग नसलेल्या पॉकेटमध्ये त्या सुईनेच जंतू जाऊ शकतात.

आता तपासण्यांविषयी. सर्वांत महत्त्वाची तपासणी सर्वांत साधी आहे, ती म्हणजे ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू आहेत का हे प्रयोगशाळेत ते वाढवून पाहणे. प्रतिजैविकाचा पुढचा डोस देण्यापूर्वी वेगवेगळ्या जागांहून किमान दोन, शक्य असल्यास तीन संच घ्यावेत. रुग्ण स्थिर असेल, रक्तदाब चांगला असेल आणि थंडी-ताप नसेल, तर नमुने घेईपर्यंत औषध थांबवण्यास हरकत नसते. मात्र हा निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा. त्यानंतर अन्ननलिकेतून केलेला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. छातीवरून केलेल्या साध्या इकोत लीडवरील गाठी दिसतीलच असे नाही, त्यामुळे तो स्वच्छ आला म्हणून निश्चिंत राहू नये. अन्ननलिकेतील इकोवरून गाठीचा आकार, ट्रायकस्पिड झडपेची अवस्था आणि दोन वरच्या कप्प्यांमधील पडद्यात छिद्र आहे का, हे कळते. असे छिद्र असेल तर सुटलेला तुकडा फुप्फुसाऐवजी मेंदूकडे जाऊ शकतो आणि सगळे नियोजन बदलते. निदानाबाबत शंका उरते तिथे एफडीजी पेट-सीटी (संसर्गाच्या जागा उजळून दाखवणारा स्कॅन) मदत करते. आपल्या वडिलांच्या बाबतीत यंत्र डोळ्यांना दिसत असल्यामुळे केवळ निदानासाठी त्यावर खर्च करण्याची गरज मला दिसत नाही. सीटी स्कॅन मात्र उपयोगी पडतो, कारण लीड ऊर्ध्व महाशिरेच्या (शरीराच्या वरच्या भागातील रक्त हृदयात आणणाऱ्या मोठ्या शिरेच्या) भिंतीला कुठे चिकटली आहे, कुठे कॅल्शियम साचले आहे आणि ती कुठे भिंतीच्या बाहेर तर गेलेली नाही ना, याचा अंदाज त्यातून येतो.

भारतातील रुग्णांसाठी इथे एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी सुरू झालेला, फारसा दुखत नसलेला, पातळ स्राव देणारा आणि नेहमीच्या कल्चरमध्ये काहीही न उगवणारा पॉकेटचा संसर्ग असेल, तर क्षयाच्या जंतूंच्या कुळातील पण क्षय न करणारे मायकोबॅक्टेरिया कारण असू शकतात. मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम आणि मायकोबॅक्टेरियम अॅब्सेसस ही त्यांतली नावे भारतातील केंद्रांनी पेसमेकरच्या पॉकेटमधून नोंदवलेली आहेत. नेहमीच्या कल्चरवर भिस्त ठेवली तर ते सुटतात. म्हणून यंत्र काढताना पॉकेटच्या आवरणाचा तुकडा, नुसता कापसाचा बोळा नव्हे, प्रयोगशाळेत पाठवावा आणि एएफबी स्मिअर (या कुळातील जंतू सूक्ष्मदर्शकाखाली शोधण्याची तपासणी) व मायकोबॅक्टेरियाचे कल्चर अशी लेखी मागणी करावी. हा जंतू सापडला तर यंत्र काढल्यानंतरही दोन किंवा अधिक औषधे कित्येक महिने द्यावी लागतात, आणि साध्या संसर्गाचा दोन आठवड्यांचा कोर्स तिथे अपुरा पडतो. चार महिन्यांनी सुरू झालेला पाण्यासारखा स्राव, हे आपण केलेले वर्णन वाचल्यावर ही शक्यता माझ्या मनात लगेच आली.

लीड ओढून सहज का निघत नाही, हा पुढचा प्रश्न. बसवल्यानंतरच्या पहिल्या वर्षात बहुतेक लीड विशेष साधनांशिवाय ओढून काढता येतात. त्यानंतर शरीर तिच्याभोवती तंतुमय आवरण तयार करते. कुंपणाच्या तारेवर झाडाची साल चढत जावी आणि काही वर्षांनी तार खोडाच्या आतच दिसू लागावी, तसे हे असते. ही चिकटण्याची ठिकाणे बहुधा ठरलेली असतात: कॉलरबोनखाली शिरेत शिरण्याची जागा, ऊर्ध्व महाशिरेचे वळण, ट्रायकस्पिड झडप आणि हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात टोक रुतलेली जागा. दोन लीड एकमेकींना घासत असतील तर त्याही एकमेकींना चिकटतात. शॉक देणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे आयसीडीच्या, लीडवरील धातूच्या वेटोळ्यांमध्ये मांस वाढते आणि ती सर्वांत कठीण ठरतात. ११ वर्षांच्या पेसमेकर लीड या मधल्या आणि अवघड यांच्या सीमेवरच्या गटात येतात.

सुरुवातीच्या काळात चिकटलेली लीड काढण्यासाठी तिला दोरी बांधून कप्पीवरून वजन टांगत असत आणि रुग्ण तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस तसाच पडून राही. लीड तुटणे, झडप फाटणे, हृदयाची भिंत आत ओढली जाणे हे सर्व त्यात होत असे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत लॉकिंग स्टायलेट आले आणि चित्र बदलले. बहुतेक लीडच्या मध्यातून एक पोकळ वाट जाते. त्या वाटेने ही बारीक सळई थेट टोकापर्यंत नेतात आणि तिथे तिला आतून घट्ट बसवतात. त्यामुळे ओढ लीडच्या बाहेरील टोकाला न लागता हृदयातील टोकाला लागते, लीड ताणून तुटत नाही आणि तिच्यावरून नळी सरकवण्यासाठी एक ताठ कणा मिळतो.

त्या कण्यावरून जी नळी पुढे नेतात ती आवरण सोडवण्याचे काम करते. साध्या प्लास्टिकच्या एकात एक बसणाऱ्या नळ्या, टोकाला फिरते पाते असलेल्या यांत्रिक नळ्या आणि टोकातून ३०८ नॅनोमीटर तरंगलांबीचा एक्सायमर लेसर सोडणाऱ्या नळ्या, असे तिचे मुख्य प्रकार आहेत. लेसर आपल्यासमोरच्या मांसात मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाइतकाच खोल जातो, म्हणून तो लीडभोवतीचे आवरण थराथराने सोडवतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत लेसरने ९४ टक्के लीड पूर्ण निघाल्या, तर त्या काळच्या साध्या नळ्यांनी ६४ टक्के. मात्र आजच्या फिरत्या यांत्रिक नळ्या त्या काळच्या नळ्यांपेक्षा पुष्कळ पुढे गेल्या आहेत आणि भारतात बहुतेक काम त्यांच्यावरच होते. माझ्या मते आपण लेसर कुठे आहे हे शोधत फिरू नये. साधनापेक्षा ते वापरणारा हात आणि शेजारी उभा असलेला शस्त्रक्रियेचा गट जास्त महत्त्वाचा असतो.

प्रत्यक्ष प्रक्रिया साधारण अशी होते. रुग्णाला पूर्ण भूल देतात. मनगटातील किंवा मांडीतील धमनीत रक्तदाबाची सतत नोंद घेणारी नळी असते, मांडीच्या शिरेत जाड नळी असते आणि अन्ननलिकेतील इको अखंड चालू असतो. आपल्या वडिलांचे हृदय पेसमेकरवर अवलंबून असण्याची शक्यता मोठी आहे, त्यामुळे लीडला हात लावण्यापूर्वी तात्पुरत्या पेसिंगची सोय केली जाते. मग जुन्या व्रणावर चीर घेऊन यंत्र काढतात आणि पॉकेटचे सगळे कडक, संसर्गित आवरण खरवडून नव्हे तर कापून काढतात. लीडचे टोक स्क्रूचे असेल तर स्क्रू उलटा फिरवून सोडवतात. सळई आत बसवून नळी पुढे नेतात, एकेक चिकटलेली जागा सोडवत हृदयापर्यंत पोचतात. शेवटचा क्षण नाजूक असतो: नळीचे टोक हृदयाच्या भिंतीजवळ स्थिर धरून लीड नळीच्या आत ओढायची असते, म्हणजे ओढ फक्त टोकाच्या जागेवर येते आणि भिंत आत खेचली जात नाही. खांद्याकडून जमले नाही तर मांडीच्या किंवा मानेच्या शिरेतून फासा टाकून लीड पकडता येते, आणि या दोन्ही वाटा येणाऱ्या केंद्रात अर्धवट राहिलेली कामे कमी असतात. अलीकडे हृदयाच्या नैसर्गिक विद्युत्‌मार्गावर बसवल्या जाणाऱ्या काही बारीक लीडमध्ये मध्ये पोकळ वाट नसते. त्यांची रीत वेगळी असते, आपल्या प्रकरणात तो प्रश्न येणार नाही.

जोखमीबद्दल आकडे लपवण्यात अर्थ नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील लेसरच्या नोंदीत १,४४९ रुग्णांच्या २,४०५ लीडपैकी ९६.५ टक्के पूर्ण निघाल्या आणि प्रक्रियेमुळे रुग्णालयात झालेल्या मृत्यूंचे प्रमाण ०.२८ टक्के होते. २०१७ साली आलेल्या युरोपातील १९ देशांच्या नोंदीत ३,५०० हून अधिक रुग्ण होते; गंभीर गुंतागुंत १.७ टक्के आणि प्रक्रियेशी संबंधित मृत्यू ०.५ टक्के होते. त्याच नोंदीत वर्षाला ३० पेक्षा कमी प्रक्रिया करणाऱ्या केंद्रांत मृत्यू आणि गुंतागुंत दोन्ही अधिक आढळले. हे आकडे काढण्याच्या प्रक्रियेचे आहेत. संसर्ग रक्तात गेलेल्या रुग्णाचा मृत्यू बहुतेक वेळा प्रक्रियेने होत नाही, तो सेप्सिसने, म्हणजे संसर्ग शरीरभर पसरून अवयव निकामी झाल्याने, होतो, आणि लीड न काढण्याची जोखीम याच्याशी तोलूनच निर्णय घ्यायचा असतो.

सर्वांत भयंकर गुंतागुंत म्हणजे ऊर्ध्व महाशिरा फाटणे. तिची भिंत पातळ असते आणि लीड नेमकी तिच्या वळणावर घट्ट चिकटलेली असते. फाटली तर रक्तदाब काही क्षणांत कोसळतो आणि छाती उघडून ती शिवण्यासाठी मिनिटांचाच अवधी असतो. म्हणून ही प्रक्रिया हृदयशल्यचिकित्सक इमारतीत कुठेतरी आहेत या भरवशावर करायची नसते. ते खोलीत किंवा दाराशी, छाती आधीच स्वच्छ करून झाकलेली, करवत टेबलावर, जुळवलेले रक्त हाताशी आणि हृदय-फुप्फुस यंत्र तयार, असेच असायला हवे. २०१६ पासून अमेरिकेत एक लांबट मऊ फुगा उपलब्ध झाला. मांडीच्या शिरेतून आधीच सोडून ठेवलेल्या तारेवरून तो महाशिरेत नेऊन फुगवला की रक्तस्राव बराच आटोक्यात येतो आणि शल्यचिकित्सकांना शांतपणे छाती उघडायला वेळ मिळतो. अशा प्रसंगी हा फुगा वापरलेल्या रुग्णांत वाचण्याचे प्रमाण न वापरलेल्यांपेक्षा लक्षणीय जास्त दिसले आहे. दुसरी गुंतागुंत म्हणजे हृदयाभोवतीच्या आवरणात रक्त साचणे. ते अनेकदा सुईने काढून भागते. ट्रायकस्पिड झडपेला इजा होऊन ती गळू लागणे ही तिसरी. तिच्यामुळे जिवाला लगेच धोका नसतो, पण पुढे पायांवर सूज येऊ शकते, म्हणून नंतरच्या इकोत ती मुद्दाम पाहावी लागते.

केंद्र निवडताना संकोच न करता विचारा की लीड काढण्याची किती कामे इथे वर्षाला होतात, करणाऱ्या डॉक्टरांनी स्वतः किती केली आहेत, शल्यचिकित्सक त्या वेळी खोलीत असतील का आणि मांडीच्या शिरेतून काढण्याची साधने तिथे आहेत का. अमेरिकेतील तज्ज्ञसंमतीने शिकण्याच्या काळात किमान ४० लीड आणि पुढे दरवर्षी किमान २० लीड अशी अपेक्षा ठेवली आहे. महाराष्ट्रात मुंबई-पुण्याबाहेर हा अनुभव एकवटलेला फार थोड्या ठिकाणी सापडतो, म्हणून प्रवास करावा लागला तरी तो करावा, असे मी जिल्ह्याच्या ठिकाणच्या नातेवाइकांना नेहमी सांगतो. हृदय पेसमेकरवर अवलंबून असलेल्या रुग्णाने लांबचा प्रवास करण्यापूर्वी यंत्र नीट काम करत असल्याची तपासणी करून घ्यावी, आणि स्राव येत असला तरी तिथून निघण्याआधी यंत्राची जोडणी कोणीही हलवू नये.

छाती खरोखर केव्हा उघडावी लागते? लीडवरील गाठ दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल, झडपच फार खराब झाली असेल, लीड भिंतीबाहेर गेली असेल किंवा शिरेतून प्रयत्न फसला असेल, तेव्हा. लहान गाठी काढताना सुटून फुप्फुसात गेल्या तरी त्या बहुतेक रुग्ण सहन करतात, कारण औषधे चालू असतात. मोठ्या गाठींसाठीही आता एक मधली वाट आहे. मांडीच्या किंवा मानेच्या शिरेतून जाड नळी घालून, तिच्या नरसाळ्यासारख्या टोकाने गाठ ओढून घेतात, रक्त गाळणीतून गाळून दुसऱ्या शिरेतून परत शरीरात सोडतात आणि मग लीड काढतात. ही सोय सगळ्या केंद्रांत नसते आणि खर्चीक असते. पण ज्या वयस्कर, मूत्रपिंडे अशक्त असलेल्या रुग्णाला ओपन हार्ट झेपणार नाही त्याला ती जीवदान ठरू शकते. आपल्या वडिलांचा अन्ननलिकेतील इको होईपर्यंत यावर चिंता करू नये.

लीड काढल्यावर हृदय कशावर चालेल, हा प्रश्न हार्ट ब्लॉकच्या रुग्णासाठी तितकाच मोठा आहे. उत्तम उपाय असा की मानेच्या उजव्या शिरेतून स्क्रूची एक नवी लीड हृदयात बसवायची आणि ती मानेवर किंवा छातीवर चिकटवलेल्या बाहेरच्या पेसमेकरला जोडायची. मांडीतून घातलेल्या साध्या तात्पुरत्या वायरीप्रमाणे ती हलत नाही, रुग्ण उठून बसू शकतो, चालू शकतो. कायमचे नवे यंत्र लगेच बसवायचे नसते. यंत्र काढल्यानंतर घेतलेली रक्ताची कल्चर किमान ७२ तास जंतुविरहित राहिली पाहिजेत. झडपेवर संसर्ग असेल तर साधारण दोन आठवडे थांबावे लागते. नवे यंत्र शक्यतो विरुद्ध बाजूला बसवतात. काही रुग्णांना मुळात यंत्राची गरज उरलेली नसते, म्हणून प्रत्येकाची गरज पुन्हा तपासायची असते. वडिलांना मात्र ती बहुधा असेलच.

त्यांच्यासाठी लीड नसलेल्या पेसमेकरचा विचार मी आवर्जून सुचवेन. सुमारे २६ मिलिमीटर लांबीचे आणि दोन ग्रॅम वजनाचे हे यंत्र मांडीच्या शिरेतून हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात बसवतात; त्याला पॉकेट नाही, वायर नाही, आणि त्यामुळे संसर्गाची नेहमीची वाटच बंद होते. २०२० साली मान्यता मिळालेला त्याचा एक प्रकार वरच्या कप्प्याच्या हालचालीवरून त्याच्याशी जमेल तितका ताळमेळ ठेवतो, हार्ट ब्लॉकमध्ये तो उपयोगी आहे. त्याची किंमत नेहमीच्या पेसमेकरपेक्षा बरीच जास्त आहे. परवडत नसेल तर विरुद्ध बाजूला नेहमीचा पेसमेकर बसवणे हा पूर्णपणे योग्य उपाय आहे, आणि त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. संसर्ग झालेले जुने यंत्र निर्जंतुक करून पुन्हा बसवण्याचा प्रस्ताव कोणी ठेवला तर तो मान्य करू नये.

प्रतिजैविकांचा काळ यंत्रणा निघाल्यापासून मोजतात. संसर्ग पॉकेटपुरता असेल तर १० ते १४ दिवस, रक्तात जंतू सापडले असतील तर किमान दोन आठवडे, झडपेवर बस्तान असेल तर चार ते सहा आठवडे, आणि मायकोबॅक्टेरियासाठी वर सांगितल्याप्रमाणे महिने. काही केंद्रांत जखम लगेच शिवतात, काही ठिकाणी ती उघडी ठेवून निर्वात पट्टी लावतात, दोन्ही चालते.

खर्चाबाबत दाखल होण्यापूर्वीच लेखी अंदाज घ्यावा, कारण फिरत्या नळ्या आणि सळया एकदाच वापरायच्या असतात आणि त्या नेहमीच्या पॅकेजमध्ये धरलेल्या नसतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली रुग्णालयातील आरोग्यमित्राला लीड काढणे आणि नवे यंत्र बसवणे, या दोन्हींसाठी वेगवेगळी विचारणा करावी. मूळ शस्त्रक्रियेचे कार्ड सोबत न्यावे. त्यावरील लीडचा मॉडेल क्रमांक आम्हाला टोक स्क्रूचे की काट्यांचे आणि मध्ये पोकळ वाट आहे की नाही, हे आधीच सांगतो, आणि त्यावर साधनांची निवड ठरते. कार्ड हरवले असेल तर बसवलेल्या रुग्णालयाच्या नोंदी किंवा यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीकडून तो मिळतो.

नवे यंत्र बसवल्यानंतर पॉकेटमध्ये रक्त साचू न देणे ही पुढच्या संसर्गाविरुद्धची मोठी खबरदारी आहे. लक्षणीय रक्तगाठ झालेल्या रुग्णांत वर्षभरात गंभीर संसर्गाचा धोका सुमारे सात पटींनी वाढतो, असे कॅनडातील अभ्यासाने दाखवले. वडील रक्त पातळ ठेवण्याचे औषध घेत असतील तर ते थांबवून हेपरीन देण्याऐवजी काय करायचे, हे हृदयतज्ज्ञांशी आधी ठरवून घ्यावे. नेहमीचा पेसमेकर बसवायचा झाला तर मिनोसायक्लिन आणि रिफाम्पिसिन असलेल्या, शरीरात विरघळणाऱ्या जाळीच्या पिशवीत यंत्र ठेवण्याबद्दल विचारावे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे ७,००० रुग्णांच्या चाचणीत तिच्यामुळे गंभीर संसर्ग १.२ टक्क्यांवरून ०.७ टक्क्यांवर आला. आधी संसर्ग झालेल्या रुग्णात तिचा खर्च मला योग्य वाटतो. दात काढण्यापूर्वी केवळ पेसमेकर आहे म्हणून प्रतिजैविक घेण्याची गरज नसते. पुढे कधीही थंडी वाजून ताप आला तर मात्र पहिली गोळी घेण्यापूर्वी ब्लड कल्चरसाठी रक्त द्यावे, मग तो ताप कितीही साधा वाटो.